आबांची आगाऊ तसबीर

बुऱ्हाणपूर
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय अर्चना मावशी,

नमस्कार. चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं तर तू म्हणालीस, "मोबाईलवर मला चेहरे दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो. छापून पोस्टानं पाठव, मी वर लाल पेन्सिल फिरवते." मतलब सांगलीला बसून तू माझा ड्रॉइंगचा तास घेणार. म्हणून हे जाड पाकीट. घडी घातलेली नाही, पुठ्ठा लावला आहे, तेव्हा पहिली ओरड वाचली.

तुला माहीतच आहे, मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. दिवसभर वाढदिवसाचे बॅनर. लोक येतात, फोटो देतात आणि म्हणतात, "दीदी, थोडा गोरा कर देना." मी करते. पण यंदा पगारातून स्क्रीनवाला टॅबलेट घेतला, पेननं थेट त्यावर रंगवता येतं. वाटलं, आता खरं पोर्ट्रेट करायचं. दापोऱ्याच्या आजोबांचं, आपल्या आबांचं केलं.

डोळे सुंदर झालेत. नाक पण मस्त. मिशीचा एकेक केस काढलाय. पण सगळं मिळून आबा होतच नाहीत. मम्मीला दाखवलं तर ती म्हणाली, "हे आपले जुने सरपंच ना?" पप्पांनी चष्मा लावला, काढला आणि जेवायला बसले.

काय चुकतंय? लवकर सांग. आबांच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं आहे.

तुझी
हिमानी


सांगली
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय हिमानी,

अनेक आशीर्वाद. पुठ्ठ्याबद्दल पाच गुण. बाकी चित्राचं बोलू.

तुझ्या आबांना कपाळ आहे, गं! तू ते कापून टाकलंस. सगळेच नवशिके कापतात, कारण आपल्याला माणसाचे डोळे आणि तोंड महत्त्वाचं वाटतं, कवटी कोणाला आवडते? डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत मोज. डोळे बरोबर मध्यावर येतात. तू ते वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलेत. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा सोड. कान भुवईपासून सुरू होतात आणि नाकाच्या बुडाशी संपतात, म्हाताऱ्यांचे तर त्याहून खाली उतरतात. मी वर पारदर्शक कागद लावून लाल रेघा मारल्यात, त्या बघ.

दुसरं. तू प्रत्येक अवयव स्क्रीनवर मोठा करून, वेगवेगळ्या दिवशी काढला आहेस. डावा डोळा बुधवारचा, उजवा शुक्रवारचा. दोघांची ओळखच झालेली नाही. चित्र लहान करून लांबून बघ. आरशात दिसावं तसं उलटं करून बघ, तुझ्या त्या यंत्रात एका बटणावर होतं म्हणतात. उलटं केलं की तोंड कुठं वाकडं आहे ते ओरडून सांगतं.

आता खरं सांग. जगावा म्हणून उकिरड्यावर लोळवून उखर्डू नाव ज्याचं ठेवलं, त्या माणसाचा वाढदिवस त्याच्या आईलासुद्धा आठवत नसणार. आणि वाढदिवसाच्या चित्रात माणूस असा समोरासमोर, छातीपर्यंत, गंभीर का बसलाय? डोक्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा कशासाठी? मी तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात. मला त्या जागेत काहीतरी दिसतंय.

तुझी मावशी
अर्चना


बुऱ्हाणपूर
१ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

तू पोलिसात जायला पाहिजे होतंस.

हो, ती जागा हाराची आहे.

ऐक. दिवाळीआधी आबांचे चुलतभाऊ बाबुराव वारले. तेराव्याला आम्ही सगळे गेलो. भिंतीवर त्यांची तसबीर. कुठल्याशा स्टुडिओतून घाईत करून आणलेली. बाबुरावांचं तोंड कोणाच्या तरी निळ्या सुटावर चिकटवलेलं, खाली लाल टाय, मागं बर्फाचे डोंगर. तोंड एवढं गुळगुळीत गुलाबी की नातू विचारत होता, "ये कौन है?" ज्या माणसानं उभ्या जन्मात बंडी सोडली नाही, तो बर्फात टाय लावून उभा!

आबा पूर्ण कार्यक्रम त्या फोटोकडे बघत बसले. येताना गाडीत म्हणाले, "हिमानी, मी मेल्यावर मले बी असाच कोट घालतीन का हे लोक?"

मी हसले.

"हसू नको. लोक घाईत असतात. तू आताच काढून ठेव माझा फोटो. पेंटिंग. मी पाहीन, पास करीन, मग पेटीत ठेवीन. मले मेल्यावर ओळखू आलं पाहिजे."

आता प्रॉब्लेम आजीचा. जिवंत माणसाची हाराची तसबीर करायची म्हटलं तर सोजरबाई पाटील आधी मला मारेल, मग आबांना, मग तसबीर खरंच लागेल. म्हणून तिला सांगितलंय की माझी ऑनलाइन परीक्षा आहे आणि म्हातारा चेहरा कम्पल्सरी आहे. ती म्हणाली, "मंग माझा कायले नाही घेतला?" आबा म्हणाले, "तू कुठं म्हातारी आहेस?" त्यावर ती जी लाजून आत गेली, तेव्हापासून आम्हाला कोणी काही विचारलेलं नाही.

मी सगळं मोजून पुन्हा केलं. कपाळ दिलं. डोळे मध्यावर आणले. पण आता नाक एवढं मोठं दिसतंय की आधी नाक येतं आणि मागून आबा. कान तर चिटुकले. मी फोनवर काढलेल्या फोटोवरूनच बघून केलंय, तरी असं का?

तुझी
हिमानी


सांगली
१० डिसेंबर २०२४

प्रिय हिमानी,

पत्र वाचून एकटीच हसत होते. कामवाल्या मालतीनं दारातून दोनदा डोकावून पाहिलं.

फोटो तू हाताच्या अंतरावरून घेतलास. खरं ना? फोन तोंडाजवळ नेला की जे जवळ ते मोठं होतं आणि जे मागं ते आक्रसतं. नाक फुगतं, कान पळून जातात. तुझं मोजमाप चुकलेलं नाही, फोटोच खोटं बोलतोय. फोटो घ्यायचाच तर चार पावलं मागं जा आणि मग झूम कर. पण माझं ऐकशील तर आबांना समोर बसव आणि बघून रंगव. खिडकी एका बाजूला ठेव, म्हणजे अर्ध्या चेहऱ्यावर उजेड आणि अर्ध्यावर सावली पडेल. तुझ्या बॅनरमध्ये उजेड चारी बाजूंनी येतो, म्हणून सगळे चेहरे थाळीसारखे सपाट होतात.

सावलीत काळा रंग घालू नकोस. आबांचा रंग उन्हातला आहे, सावलीत तो तांबूस होतो, कानाच्या पाळीला उजेड आरपार जाऊन लाल दिसतो. डोळ्यातलं पांढरं पांढरं नसतं. मिशी एकेक केसानं नाही, आधी एका गठ्ठ्यानं काढ, मग कडेचे थोडे केस सोड. आणि तो मऊ ब्रश, ज्यानं तू गिऱ्हाइकांना गोरं करतेस, तो कुलपात ठेव. त्यानं कातडीचं प्लास्टिक होतं.

शेवटचं, आणि हे कुठल्या फूटपट्टीवर नाही. तोंड बंद करून बसलेले उखर्डू आबा मी एकदाही पाहिलेले नाहीत. तुझ्या आईच्या, सविताताईच्या लग्नात आमच्या वडिलांच्या नेपानगरच्या कागद मिल कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये ते आले, दारातच उभे राहून म्हणाले, "घर छान आहे, पण माणसापेक्षा कागद जास्त दिसून राहिले." बाबा आठवडाभर रुसले होते. ते बोलायच्या आधी त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलतो. तो कोपरा पकड.

सोजरकाकूंना फसवताय ते मला पसंत नाही. पुढं काय झालं ते मात्र सविस्तर कळव.

तुझी मावशी
अर्चना


बुऱ्हाणपूर
३० डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

कोपरा सापडला. पण झालंय वेगळंच.

आता मी दर रविवारी स्कूटीवर दापोऱ्याला जाते. आबांना ओसरीत खाटेवर बसवते, उजवीकडून उजेड. सांगते, हलू नका. ते हलत नाहीत, बोलतात. केळीवर कोणता रोग आलाय, शेजारच्या भिकनकाकानं ट्रॅक्टर कुठं घातला, आजी तरुणपणी किती भांडायची. मी ओरडते, "आबा, तोंड!" ते म्हणतात, "तोंड इथंच आहे, कुठं गेलं नाही."

लेकिन खरंच, समोर बसवल्यावर कळलं की मी आबांना कधी बघितलंच नव्हतं. त्यांची डावी पापणी जास्त उतरलीय. गालावर एक उभी घडी आहे, ती हसताना दिसत नाही, गप्प झाल्यावर दिसते. कान केवढे आहेत, मावशी! आणि एकदा आजी आतून म्हणाली, "चहात साखर नाही, संपली," आणि आबा काहीतरी टोचून बोलणार, त्याच्या आधीचा तो कोपरा हलला. मी लगेच पकडला. तेवढ्यासाठी पूर्ण तोंड पुन्हा रंगवलं.

काल पूर्ण झालं म्हणून टॅबलेट त्यांच्या हातात दिला. त्यांनी लांब धरला. जवळ धरला. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बापाचा फोटो तुले कुठं भेटला?"

मी म्हटलं, "आबा, हे तुम्ही आहात."

त्यांनी स्वतःचा गाल चाचपला. मग म्हणाले, "एवढा झालो का मी?" आणि टॅबलेट उलटा करून खाटेवर ठेवला. मग उठून मळ्यात गेले. जेवायलाही उशिरा आले. निघताना मी पाया पडले तर फक्त डोक्यावर हात ठेवला.

सकाळी उठून तोच मऊ ब्रश काढला. गालाची घडी पुसली, पापणी वर उचलली, कान थोडे कमी केले. आता छान दिसतायत, साठीचे. दोन्ही छापून पाठवतेय. तू चिडशील, मला माहीत आहे. पण आबांना दुःख देऊन खरं कशाला काढायचं, सांग ना.

तुझी
हिमानी


सांगली
७ जानेवारी २०२५

प्रिय हिमानी,

चिडले नाही. पहिलं चित्र टेबलावर उभं करून ठेवलंय. सकाळी चहा घेताना वाटलं, आता हे आपल्याला काहीतरी बोलणार. मी कप बदलून चांगला घेतला.

कशाला काढायचं, याचं उत्तर मी देणार नाही. चित्र त्यांनी सांगितलंय, तेव्हा ते त्यांनाच विचार. दोन्ही छापील समोर ठेव आणि तू तिथून उठून जा. कोणी बघत असलं की माणूस खोटं निवडतो.

पहिल्यात डाव्या कानामागची सावली कच्ची आहे, कान डोक्यापासून सुटल्यासारखा वाटतो. तेवढं बघ.

तुझी मावशी
अर्चना


सांगली
२६ जानेवारी २०२५

श्रीमती सोजरबाई उखर्डू पाटील,
मु. दापोरा, ता. बुऱ्हाणपूर

तीर्थरूप सोजरकाकूंना अर्चनाचा साष्टांग नमस्कार.

आज संध्याकाळी नेपानगरहून माझी शाळेतली मैत्रीण वंदना हिचा फोन आला आणि आबा गेल्याचं कळलं. सविताताईला फोन लावतेय, बंद आहे. हिमानीचाही लागत नाही. तुमची काय अवस्था असेल ते मी समजू शकते. उद्या निघायचं पाहते, पण गाडीचं आरक्षण मिळेल असं दिसत नाही, म्हणून हे पत्र सकाळच्या टपालात टाकतेय.

काकू, आबांसारखा माणूस आता होणार नाही. त्यांनी कधी कोणाला दुखावलं नाही. बोलणं मोजकं, पण गोड. आमच्या वडिलांना त्यांचा फार आदर वाटायचा. सविताताईला त्यांनी सून नाही, मुलगी मानलं, हे मात्र मी अगदी खरं लिहितेय.

आता सांगायला हरकत नाही. हिमानीनं त्यांचं चित्र त्यांच्याच इच्छेनं काढलंय. तेच लावा, दुसरं काही लावू देऊ नका. पोरीनं जीव ओतलाय त्यात. तिला एवढंच सांगा, फ्रेम करण्याआधी डाव्या कानामागची सावली गडद केली का ते एकदा बघ.

धीर धरा.

तुमची
अर्चना


बुऱ्हाणपूर
२८ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

काल दुपारी फोनवर तू आधी रडलीस, मग एवढी हसलीस की मला काही सांगताच आलं नाही. म्हणून नीट लिहिते.

तू म्हणालीस तसं मी दोन्ही चित्रं आबांसमोर ठेवली आणि विहिरीकडे निघून गेले. परत आले तर साठीवाल्या चित्रावर आबांनी चहाचा कप ठेवला होता. म्हणाले, "हा बाबुरावसारखा दिसून राहिला. कोटातला." मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हा माझ्या बापासारखा दिसतो. राहू दे. बाप चांगला माणूस होता." बस. एवढंच.

मी कानाची सावली सुधारली, दुकानातून कॅनव्हासवर छापून फ्रेम केली आणि रविवारी सकाळी आजी शेतात हरभऱ्याची भाजी खुडायला गेल्यावर घेऊन गेले. पेटीत ठेवायची होती. पण आबांना भिंतीवर कशी दिसते ते पाहायचं होतं. लावली. मग म्हणाले, "हारासाठी जागा सोडली म्हनतेस, बसतो का पाहू." झेंडावंदनाचा झेंडूचा हार शाळेतून मागून आणला होता त्यांनी! घातला. एकदम फिट. आबा खूष होऊन गरम पाणी घेऊन मागं न्हाणीत त्यांच्या तासभराच्या आंघोळीला गेले आणि मी दुकानावर दूध आणायला.

तेवढ्यात भिकनकाका फवारणीचा पंप परत करायला आले. दार उघडं, घरात कोणी नाही, समोर हारवाले आबा. पंप तिथंच टाकून ते पळाले. मी दूध घेऊन वळते तर आमच्या दारात पन्नास माणसं आणि बायकांचा आवाज. मला वाटलं, खरंच काही झालं. मावशी, माझ्या हातून पिशवी सुटली, फोन पडला, त्यावर कोणाचा तरी पाय पडला. म्हणून तुझा फोन लागला नाही. मम्मीचा तर घरी बंद करून चार्जिंगला होता.

आजीला बायकांनी वाटेतच गाठलं. गळ्यात पडून रडायला लागल्या. तिनं विचारलं, "कोन गेलं?" एकीनं सांगितलं. आजी म्हणाली, "सकाळी दोन भाकरी खाल्ल्या त्यानं. असा कसा मरतो?" आणि सगळ्यांना बाजूला सारत घरात आली. तसबीर पाहिली. ओच्यातली भाजी सगळी खाली सांडली. तिथंच भिंतीला धरून बसली. मागून बादलीचा आवाज आला, तेव्हा मला कळलं. मी धावत जाऊन सांगितलं, "आजी, आबा न्हाणीत आहेत." तिला ऐकूच जात नव्हतं.

त्यातच जीप आली. डोईफोडियाला दिलेली आबांची बहीण सखूआत्या, त्या दिवशी नेमकी शेजारच्या गावात आलेली. तू तिला पाहिलेलं नाहीस. मम्मी या घरात येण्याआधी एका लग्नात आबांनी पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "सखूचे मांडे अंगावर घेऊन झोपता येईल, एवढे जाड." तेव्हापासून ती या घराची पायरी चढली नव्हती. ती आत आली, तसबिरीसमोर उभी राहिली आणि काय रडली! "दादा, एकदा ये म्हनला असता तर मी आली असती रे! आताबी पहा, तोंड कसं केलंय, काही वाकडं बोलनारच!"

मागच्या दारातून आवाज आला, "मांडे करून आनले का?"

आबा. कमरेला पंचा, अंगावर साबणाचा फेस.

दोन बायका किंचाळल्या. भिकनकाका खाटेखाली. सखूआत्यानं आधी तसबिरीकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि मग चप्पल काढली. मावशी, ती अंगणभर त्यांच्या मागं पळाली. आबा केळीच्या बागेत शिरले तेव्हा थांबली. आणि मग धाप टाकत हसायला लागली.

पण आजी उठली नाही. आबा बागेतून आले, तिच्यासमोर उकिडवे बसले. "सोजर, मी आहे." तिनं त्यांच्या गालावरचा फेस पदरानं पुसला. पूर्ण तोंड पुसलं, कानामागंसुद्धा. मग म्हणाली, "आता यानंतर माझ्याशी बोलू नका." आणि खरंच बोलणं बंद केलंय.

सखूआत्या राहिलीय. दापोऱ्यात लोक तसबीर पाहायला येतायत. भिकनकाकांनी स्वतःच्या तसबिरीची आगाऊ ऑर्डर दिलीय, मी नाही म्हटलं. तुझं पत्र आलं की न वाचता फाडते, प्रॉमिस. पण ते आमच्या पत्त्यावर पाठवलंस ना?

तुझी
हिमानी


दापोरा
५ फेब्रुवारी २०२५

सौ. अर्चनाबाई यांना उखर्डू पाटलाचा रामराम.

अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. बहुत दिवसानं पेन धरला.

तुमचं पत्र पोस्टमनानं माझ्याच हातात दिलं. पाकिटावर 'श्रीमती सोजरबाई' पाहून तो माझ्याकडं पाहात राहिला, मी त्याच्याकडं पाहात राहिलो. सोजरले वाचता येत नाही, म्हनून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मी गोड बोलतो हे वाचलं तेव्हा सखू स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं मले ते पुन्हा वाचायले लावलं. मंग शेजारी बोलावले आनि तिसऱ्यांदा वाचायले लावलं. तुमच्या वडिलांले माझा आदर वाटायचा, हे तुम्ही लिहिलं. ते वारले तेव्हा मी नेपानगरले आलो व्हतो, तुमच्या ध्यानात नसंन. ते माझ्यावर रुसले व्हते, मले माहीत व्हतं. पन आदर लिहिला, बरं वाटलं. ते असंच राहू द्या.

मेल्यावर एवढं चांगलं लिहिता, तर जिता असताना एक फोन करत जा.

कानाची सावली मी सोता पाहिली. बरोबर आहे. आरसा घेऊन पाहिली.

चित्राचं सांगतो. मी पेटीत ठेवायले निघालो तर सोजरनं हातातून घेतलं. मले वाटलं, चुलीत घालते आता. तिनं हार काढून गाईले टाकला आनि चित्र चुलीसमोरच्या भिंतीवर लावलं, जिथं बसून ती भाकरी करते. माझ्याशी बोलनं बंदच आहे. पन त्याच्याशी बोलते. भाजीत मीठ जास्त झालं का, त्याले विचारते. सखू कशी वागते, त्याले सांगते. माझ्या नावानं कागाळ्या बी त्याच्याजवळच करते. तो ऐकून घेतो, उलटून बोलत नाही. मी मधातच बसलेलो असतो, पन माझ्याकडं पाहात नाही.

तुमच्या पोरीनं डोळे असे काढले की कुठं बी बसा, तो पाहूनच राहिला असं वाटते. मी उठून दुसऱ्या कोन्यात बसलो, तरी पाहातो. या वयात घरात सवत आनली मी, ती बी माझ्याच तोंडाची.

आज सकाळी थंडी बहुत व्हती. सोजरनं चूल पेटवली, आधन ठेवलं आनि भिंतीकडं पाहून विचारलं, "चहा घेता का?"

मी इकडून म्हनलं, "हो."

तिनं दोन कप भरले.

आपला
उखर्डू